प्रत्यक्ष मैफलीतील अकूस्टिक गिटारचे नैसर्गिक ध्वनिवर्धन : नाशिकमधील सभागृहांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अकूस्टिक गिटार हे मुळात लहान खोलीत, मोजक्या श्रोत्यांसाठी वाजवावयाचे वाद्य आहे. आज मात्र ते महाविद्यालयीन स्नेहसंमेलने, युवक महोत्सव, भावगीतांचे कार्यक्रम व खुल्या रंगमंचावरील मैफली यांत नियमितपणे वाजविले जाते. तेथे त्याचा आवाज वाढविणे अपरिहार्य ठरते; परंतु आवाज वाढताच वाद्याचा मूळ नाद हरवतो, असा अनुभव वारंवार येतो. प्रस्तुत लेखात या अनुभवामागील भौतिक कारणे, ध्वनिग्रहणाच्या प्रचलित पद्धती, सभागृहाचा परिणाम व ध्वनिप्रदूषणविषयक नियमांची चौकट यांचे विवेचन केले आहे. नैसर्गिकता हा एखाद्या उपकरणाचा गुण नसून वाद्य, वादक, सभागृह व ध्वनिव्यवस्था यांच्या परस्परसंबंधातून ती साध्य होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अकूस्टिक गिटार, ध्वनिवर्धन, अनुनाद, निनादकाल, तंबोरा, नाशिक.

१. प्रस्तावना

विद्युत ध्वनिवर्धन ही विसाव्या शतकाची देणगी आहे. तत्पूर्वी गायक-वादकांना स्वतःच्या गळ्यावर, वाद्याच्या घडणीवर आणि सभागृहाच्या बांधणीवरच अवलंबून राहावे लागे. नाशिकपुरते बोलावयाचे तर, २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद थिएटरमध्ये गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकाचा प्रयोग होता. त्या रात्री अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला, म्हणून ती तारीख इतिहासात नोंदली गेली. संगीताच्या अभ्यासकाला त्याच घटनेत आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळी भरलेल्या थिएटरात संपूर्ण संगीत नाटक मायक्रोफोनशिवाय होत असे आणि पदे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असत.

पुढे नाशिकशी निकटचा संबंध आलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची सांगीतिक जडणघडण मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे झाली. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पलुस्करांनी संगीत दरबारातून व दिवाणखान्यातून सार्वजनिक सभागृहात आणले. श्रोतृवर्ग विस्तारला, तसा आवाज दूरवर नेण्याचा प्रश्नही विस्तारला. आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांचा मुक्काम नाशिकला होता आणि त्यांचे पुत्र पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिक येथेच झाला. पुढील पिढीच्या गायकांना मायक्रोफोन, आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका ही साधने सहज उपलब्ध झाली. एका शहराच्या आणि एका घराण्याच्या इतिहासातही 'मायक्रोफोनपूर्व' व 'मायक्रोफोनोत्तर' अशा दोन श्रवणसंस्कृती स्पष्ट दिसतात.

अकूस्टिक गिटार आपल्याकडे प्रामुख्याने दुसऱ्या श्रवणसंस्कृतीत रुजली. चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद व भावगीतांची साथ यांतून ती परिचित झाली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती रागसंगीतात आणली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांचे गिटारवादन ऐकावयास मिळते. परिणामी, बहुसंख्य श्रोत्यांनी गिटार प्रथम लाउडस्पीकरमधूनच ऐकलेली असते. वाद्याचा मूळ नाद कसा असतो याची स्मृतीच नसेल, तर तो जपावा कसा, हा प्रश्न त्यामुळे अधिक गंभीर होतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) अकूस्टिक गिटारच्या नादनिर्मितीची प्रक्रिया स्पष्ट करणे.
२) ध्वनिवर्धनात तो नाद कोठे व का बदलतो, याचा शोध घेणे.
३) ध्वनिग्रहणाच्या प्रमुख पद्धतींचे गुणदोष मांडणे.
४) महाविद्यालयीन सभागृहासाठी उपयुक्त असा कार्यक्रम सुचविणे.

३. गिटारमधील नादनिर्मिती

तार स्वतः फारच थोडी हवा हलविते. खोक्याविना ताणलेली तार छेडली, तर ती हातभर अंतरावरही क्षीण ऐकू येते. तारेची कंपने घोडीमार्फत वरच्या पातळ लाकडी फळीस, म्हणजे तंबोऱ्याच्या भाषेत तबलीस, मिळतात. ही फळी मोठ्या क्षेत्रफळाची हवा हलविते आणि तेथून खरा श्राव्य नाद निर्माण होतो. मधल्या गोल छिद्रातून आतील हवाही आत-बाहेर होत राहते. म्हणजे गिटारचा नाद तार, फळी व पोकळीतील हवा या तिघांच्या सहकार्याने घडतो.

प्रचलित जुळणीत गिटारच्या सहा तारांच्या वारंवारता खर्जाकडून अनुक्रमे सुमारे ८२, ११०, १४७, १९६, २४७ व ३३० हर्ट्झ असतात. पोकळीतील हवेचा मुख्य अनुनाद साधारणतः ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान आणि वरच्या फळीचा पहिला प्रबळ अनुनाद २०० हर्ट्झच्या आसपास आढळतो. वाद्याचा आकार व लाकूड यांनुसार हे आकडे बदलतात. या दोन अनुनादांमुळेच खालच्या तारांना भरीवपणा मिळतो. ज्याला रसिक 'गोलाई' किंवा 'ऊब' म्हणतात, तिचे भौतिक अधिष्ठान बहुतांशी येथे आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे, ध्वनिवर्धनातील सर्वांत मोठी अडचणही नेमकी याच ठिकाणी उद्भवते.

गिटार सर्व दिशांना सारखा नाद देत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. छिद्रासमोर मंद्र स्वर घुमतात, घोडीजवळ आवाज कोरडा व कडक असतो, तर दांडी जेथे खोक्याला मिळते तेथे तारेची स्पष्टता व खोक्याचा भरीवपणा यांचा समतोल आढळतो. काही मीटर अंतरावर बसलेला श्रोता या सर्वांचे मिश्रण ऐकतो आणि त्यात भिंतींवरून परतलेला नादही मिसळलेला असतो. कोणत्याही एका बिंदूवर टिपलेला आवाज त्यामुळे अपुराच असतो.

४. तंबोऱ्याचा दाखला

हा मुद्दा भारतीय वाद्याच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तेथील कारागीर भोपळा, लाकूड व तारा यांची निवड जितक्या काळजीने करतात, तितक्याच काळजीने घोडीचा पृष्ठभाग घासून 'जवारी' काढतात. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठावर तार कंप पावताना तिचा स्पर्शबिंदू सतत सरकतो. तारेखाली योग्य जागी सूत सरकविले की जवारी खुलते आणि उपस्वरांची दाट प्रभावळ निर्माण होते.

सर चं. व्यं. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या शोधनिबंधात या घटनेकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोऱ्यात मात्र तेच उपस्वर ठळक ऐकू येतात, हे रामन यांनी दाखविले व त्याचे कारण घोडीच्या रचनेत शोधले.

या दाखल्यातून दोन बोध होतात. पहिला असा की, तंतुवाद्याचा 'स्वभाव' त्याच्या अत्यंत सूक्ष्म यांत्रिक तपशिलांत दडलेला असतो. दुसरा असा की, तो उच्च उपस्वरांच्या वाढण्या-विरण्यात असतो. म्हणून आवाज वाढविणाऱ्या साखळीत कोठेही हे उपस्वर कापले गेले किंवा अवाजवी फुगले, तर स्वर तोच राहूनही वाद्य परके वाटते. गिटारच्या सपाट, अरुंद घोडीत जवारी नसते. तरीही हे दोन्ही बोध गिटारला तितकेच लागू पडतात.

५. 'नैसर्गिक' या संज्ञेचा अर्थ

वर्धित आवाज हा व्याख्येनेच कृत्रिम असतो. मग नैसर्गिक ध्वनिवर्धन म्हणजे काय? प्रस्तुत विवेचनापुरते तीन निकष मानता येतील. पहिला, नादगुणाचा : वाद्याजवळ दोन-तीन मीटरवर बसून जसा नाद ऐकू येतो, तसाच तो दूरच्या श्रोत्यास यावा. दुसरा, प्रमाणाचा : आवाजाची पातळी त्या वाद्याच्या प्रकृतीला शोभेल इतकीच असावी. हळुवार छेडलेली तार हळुवारच वाटावी. तिसरा, दिशेचा : नाद रंगमंचावरील वादकाकडून येतो आहे, भिंतीवरील पेटीतून नव्हे, असा भास टिकावा.

तिसऱ्या निकषाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मानवी श्रवणेंद्रिय प्रथम पोहोचणाऱ्या ध्वनीवरून दिशा ठरविते आणि त्यानंतर काही मिलिसेकंदांत येणारा तोच ध्वनी त्यात सामावून घेते. हेल्मुट हास यांच्या १९४९ च्या संशोधनामुळे हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. सभागृहाच्या मध्यभागी जादा स्पीकर लावले असतील, तर त्यांना दिलेला संकेत योग्य तेवढा उशिराने सोडल्यास श्रोत्याला आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. २५ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. रंगमंचापासून १७ मीटर पुढे लावलेल्या स्पीकरसाठी हा उशीर सुमारे ४९ मिलिसेकंद येतो. त्यात आणखी १० ते १५ मिलिसेकंद मिळविले म्हणजे अपेक्षित परिणाम साधतो.

६. ध्वनिग्रहणाच्या प्रमुख पद्धती

६.१ मायक्रोफोन : दांडी व खोके यांच्या सांध्यासमोर, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, किंचित तिरका ठेवलेला चांगला कंडेन्सर मायक्रोफोन हा नादगुणाच्या दृष्टीने सर्वांत विश्वासू मार्ग होय. तो प्रत्यक्ष हवेतील ध्वनी टिपतो. म्हणून फळी, पोकळी व तार या तिघांचाही वाटा त्यात येतो. मात्र तोच मायक्रोफोन शेजारचा तबला, गायकाचा आवाज व स्पीकरमधून परतणारा नादही टिपतो. वादकाला एकाच जागी स्थिर बसावे लागते. अभिजात शैलीचा एकल वादक, शांत प्रेक्षागृह व मर्यादित आवाज अशा परिस्थितीत ही पद्धत श्रेष्ठ ठरते. छिद्राच्या अगदी समोर मायक्रोफोन ठेवण्याची सवय मात्र टाळावी. तेथे पोकळीचा अनुनाद अवाजवी प्रमाणात टिपला जातो व आवाज घुमतो. शिवाय दिशादर्शी मायक्रोफोन ध्वनिस्रोताच्या फार जवळ नेल्यास मंद्र स्वर आपोआप फुगतात, ही भर निराळीच.

६.२ घोडीखालील पिझो पिकअप : काही स्फटिकांवर दाब पडला असता विद्युतदाब निर्माण होतो, हे झाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच तत्त्वावर घोडीतील हाडाच्या पट्टीखाली बसविलेली पिझो पट्टी काम करते. बाजारात 'सेमी-अकूस्टिक' या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटारींत हीच व्यवस्था असते. आजूबाजूचे आवाज ती फारसे टिपत नाही आणि शिट्टीची भीती पुष्कळ कमी होते. परंतु ती ऐकते काय? ती तारेचा घोडीवरील दाब ऐकते. हवेतील नाद ऐकत नाही. खोक्याचा वाटा त्यात अल्प असतो. म्हणून पिझोचा आवाज तीक्ष्ण, कोरडा व छेडताक्षणी 'टक्' करणारा भासतो.

पिझोच्या निकृष्ट आवाजाचे आणखी एक कारण पुष्कळदा दुर्लक्षित राहते. पिझो विद्युतदृष्ट्या धारित्रासारखा वागतो. त्याची धारिता उदाहरणादाखल १ नॅनोफॅरड मानू. ज्या उपकरणाला तो जोडला, त्याचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असेल, तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालील सर्व स्वर क्रमाक्रमाने दुर्बळ होत जातात. म्हणजे जवळजवळ संपूर्ण संगीतच पातळ होते. तोच इम्पिडन्स १ मेगाओहम असल्यास ही सीमा सुमारे १६० हर्ट्झवर येते आणि १० मेगाओहम असल्यास १६ हर्ट्झवर, म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही बरीच खाली, जाते. प्रीअँप नसलेला पिझो मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जोडल्यास गिटार पत्र्यासारखी का वाजते, याचे उत्तर येथे आहे. दोष वाद्याचा किंवा वादकाचा नसून जोडणीचा असतो. चांगला प्रीअँप व त्यापुढे डीआय बॉक्स ही जोडी या ठिकाणी अनिवार्य समजावी.

६.३ चुंबकीय पिकअप : छिद्रात बसविलेला चुंबकीय पिकअप पोलादी तारेचे कंपन टिपतो. नायलॉनच्या तारांसाठी तो निरुपयोगी असतो. त्याचा आवाज गोड असला, तरी विद्युत गिटारकडे झुकतो. रंगमंचावरील प्रकाशयोजनेच्या डिमरमुळे त्यात गुणगुण शिरण्याचा संभवही असतो.

६.४ स्पर्शसंवेदक : वरच्या फळीच्या आतील बाजूस चिकटविलेला संवेदक फळीचे कंपन टिपतो, म्हणून त्यात लाकडाचा अंश अधिक येतो. तो कोठे चिकटविला यावर सर्व काही अवलंबून असते. शिट्टीच्या दृष्टीने तो पिझो पट्टी व मायक्रोफोन यांच्या मध्ये पडतो.

६.५ संयुक्त पद्धत : व्यावसायिक मैफलीत पिकअप व मायक्रोफोन यांचे मिश्रण केले जाते. पिकअप मंद्र स्वरांचा पाया देतो, मायक्रोफोन वरच्या सप्तकांतील हवेशीरपणा देतो. मात्र दोहोंतील कालांतराकडे लक्ष द्यावे लागते. मायक्रोफोन ३० सेंटिमीटर दूर असेल, तर त्याचा संकेत पिकअपच्या सुमारे ०.८७ मिलिसेकंद मागे राहतो आणि सुमारे ५७५ हर्ट्झच्या परिसरात दोन्ही संकेत एकमेकांना छेद देतात. पिकअपच्या मार्गात तेवढाच उशीर योजल्यास हा दोष निवारता येतो. आधुनिक डिजिटल मिक्सरवर ही सोय सर्रास असते. अलीकडे पिझोच्या संकेतावर गणिती प्रक्रिया करून त्यात मायक्रोफोनने टिपलेल्या खोक्याची ध्वनिप्रतिमा मिसळणारी उपकरणेही प्रचारात आली आहेत. त्यांचा उपयोग निश्चित आहे. पण ती प्रतिमा त्याच वाद्याची, वा निदान तशाच घडणीच्या वाद्याची असावी लागते.

७. शिट्टीची समस्या : गुण तोच दोष

स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो आणि हे चक्र वाढत जाऊन अखेर शिट्टी किंवा घुमणारा हुंकार निर्माण होतो. गायकाच्या मायक्रोफोनला सहसा उंच स्वराची शिट्टी येते, तर गिटारला खालच्या स्वरात हुंकार येतो. याचे कारण असे की, गिटारचे खोके हे स्वतःच एक ग्राहक आहे. स्पीकरचा आवाज वरच्या फळीला व पोकळीतील हवेला हलवितो आणि त्यांचे नैसर्गिक अनुनाद १०० व २०० हर्ट्झच्या आसपास असल्याने चक्र तेथेच प्रथम पूर्ण होते.

येथे या विषयातील मूळ पेच समोर येतो. ज्या अनुनादामुळे वाद्याला ऊब मिळते, त्याच अनुनादामुळे हुंकार येतो. हुंकार टाळण्यासाठी खालचे स्वर सरसकट कापले, तर वाद्याचा प्राणच कापला जातो. म्हणून उपाय नेमका हवा. त्या विशिष्ट वाद्याची हुंकारणारी वारंवारता शोधून केवळ तिच्याभोवतीचा अरुंद पट्टा ३ ते ६ डेसिबलने खाली आणावा. छिद्रावर रबरी झाकण बसविल्यास पोकळीचा अनुनाद दबतो. पिकअप वापरला असेल तर हा उपाय गुणकारी आहे. प्रीअँपवर ध्रुवता उलटविण्याची कळ असल्यास ती दोन्ही स्थितींत तपासावी. बहुधा एका स्थितीत हुंकार कमी असतो.

मांडणीचे उपाय यंत्रापेक्षाही प्रभावी ठरतात. मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, म्हणजे अंतर दोनदा निम्मे केले, तर वाद्याचा थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो आणि तेवढे वर्धन यंत्रावर कमी करता येते. अर्थात, जवळ आणल्याने नादगुण बदलतो. दोहोंचा तोल वादकाने व ध्वनिसंयोजकाने मिळून साधावयाचा असतो. वादकासमोरील मॉनिटर कोठे ठेवावा, हे मायक्रोफोनच्या जातीवर अवलंबून असते. कार्डिऑइड मायक्रोफोन नेमक्या पाठीमागे बहिरा असतो, तर सुपरकार्डिऑइड सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना, बहिरा असतो. मायक्रोफोन बदलला आणि मॉनिटर जागचा हलविला नाही, तर चांगला मायक्रोफोनही शिट्टी देतो. याशिवाय, चालू मायक्रोफोनची संख्या दुप्पट होताच शिट्टीपूर्वी मिळणारे वर्धन सुमारे ३ डेसिबलने घटते. निवेदकाचा मायक्रोफोन गिटारवादन चालू असताना बंद ठेवणे हा त्यामुळे सर्वांत स्वस्त उपाय होय.

८. सभागृहाचा वाटा

वालेस सॅबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाचा अभ्यास करून निनादकालाचे सूत्र दिले. सभागृहाच्या घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण ध्वनिशोषणाने भागले असता निनादकाल सेकंदांत मिळतो. उदाहरणादाखल २० मीटर लांब, १२ मीटर रुंद व ६ मीटर उंच असे महाविद्यालयीन सभागृह घेऊ. त्याचे घनफळ १,४४० घनमीटर होते. गिलाव्याच्या भिंती, फरशी व प्लास्टिकच्या खुर्च्या यांचे एकूण शोषण ८० चौरस मीटर मानल्यास रिकाम्या सभागृहाचा निनादकाल सुमारे २.९ सेकंद येतो. त्यात ३०० श्रोते बसले व प्रत्येकाचे शोषण ०.४५ चौरस मीटर धरले, तर एकूण शोषण २१५ चौरस मीटर होते आणि निनादकाल सुमारे १.१ सेकंदावर उतरतो.

या साध्या गणितातून व्यवहारातील एक नित्याची चूक स्पष्ट होते. दुपारी रिकाम्या सभागृहात साउंड चेक करून लावलेली स्वरपातळी सायंकाळी भरलेल्या सभागृहात चुकीची ठरते. रिकाम्या दालनात घुमणारी गिटार आवरण्यासाठी खालचे स्वर कापलेले असतात. श्रोते येताच घुमारा ओसरतो आणि कापलेली गिटार तशीच कृश राहते. म्हणून पहिल्या गीताच्या वेळी ध्वनिसंयोजकाने सभागृहात मागे येऊन पुन्हा ऐकले पाहिजे.

ध्वनिवर्धन हवेच का, हा प्रश्नही प्रारंभीच विचारावयास हवा. गिटारचा आवाज एक मीटरवर ७० डेसिबल मानला, तर खुल्या जागेत अंतर दुप्पट होताना तो प्रत्येक वेळी ६ डेसिबलने घटतो. १६ मीटरवर तो ४६ डेसिबल राहील व वर्दळीत बुडेल. बंद दालनात मात्र भिंतींवरून परतणारा नाद ही घट रोखतो. पन्नास-साठ श्रोत्यांच्या वर्गखोलीत पंखे बंद केले व खिडक्या लावल्या, तर पुष्कळदा कोणत्याही यंत्राची आवश्यकता भासत नाही. नाशिकमध्ये महाकवी कालिदास कलामंदिरासारखे मोठे नाट्यगृह, सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि कुसुमाग्रज स्मारकातील दालन अशा निरनिराळ्या आकारमानांच्या वास्तू आहेत. या सर्वांसाठी एकच ध्वनियोजना लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही.

९. खुला रंगमंच, हवामान व कायदा

दिवाळीतील पिंपळपारावरची पाडवा पहाट असो वा २००८ मध्ये सुरू झालेला द्राक्षमळ्यातील संगीत महोत्सव असो, नाशिकमध्ये खुल्या जागेतील संगीताला मोठा प्रतिसाद लाभतो. खुल्या जागेत भिंतींचा निनाद नसतो. म्हणून पिझोचा कोरडेपणा तेथे अधिकच जाणवतो व थोडा कृत्रिम निनाद मिसळणे न्याय्य ठरते. हवामानाचाही परिणाम होतो. कोरड्या थंडीत वरची फळी आकसते, पावसाळी दमटपणात ती फुगते व तारांची उंची बदलते. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता लाकडी वाद्यास मानवते. पहाटेच्या गारव्यात वाद्य पेटीतून काढून निदान अर्धा तास तरी उघडे ठेवून मगच स्वरात लावावे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांचा संदर्भही महत्त्वाचा आहे. या नियमांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मानके आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत सभागृहासारख्या बंदिस्त वास्तूंखेरीज अन्यत्र लाउडस्पीकर वापरण्यास मनाई आहे. रुग्णालये, न्यायालये व शैक्षणिक संस्था यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. म्हणजे महाविद्यालयाचे पटांगण हे स्वभावतःच संयमित ध्वनिवर्धनाचे स्थान आहे. प्रमाणाचा निकष हा केवळ रसिकतेचा नसून नागरी कर्तव्याचाही आहे, हे येथे अधोरेखित होते.

१०. महाविद्यालयीन सभागृहासाठी कार्यक्रम

युवक महोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात विद्यार्थ्याला रंगमंचावर मिळणारा वेळ मोजकाच असतो. त्याची वर्षभराची तयारी एका सैल जोडणीमुळे वाया जाऊ नये, याची जबाबदारी संयोजक प्राध्यापकांवर येते. त्या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

प्रथम, वाद्य ध्वनिवर्धनाशिवाय सभागृहात वाजवून घ्यावे आणि संयोजकांनी व ध्वनिसंयोजकाने ते मागच्या रांगेतून ऐकावे. हाच पुढील सर्व निर्णयांचा मापदंड होय. दुसरे, पिकअप असल्यास त्याची बॅटरी नवी घालावी व संकेत डीआय बॉक्समधून बॅलन्स्ड केबलने मिक्सरकडे न्यावा. ५० हर्ट्झची गुणगुण आल्यास अर्थिंग तपासावे, मात्र सुरक्षेसाठी असलेली अर्थ पिन कदापि काढू नये. तिसरे, सर्व स्वरनियंत्रणे मध्यावर ठेवून आरंभ करावा व ८० हर्ट्झखालील भाग कापावा, कारण तेथे गिटारचा स्वर नसतोच. चौथे, हुंकारणारा पट्टा शोधून तेवढाच दाबावा. पाचवे, शिट्टी ज्या पातळीवर सुरू होते तिच्या ६ डेसिबल खाली कायमची पातळी ठेवावी. सहावे, मॉनिटरचा आवाज वादकाला पुरेल एवढाच असावा. शेवटी, मूळ व वर्धित नाद आळीपाळीने ऐकून तुलना करावी. आवाज वाढल्याचे जाणवावे, वाद्य बदलल्याचे जाणवू नये.

परीक्षकांच्या दृष्टीनेही एक विवेक आवश्यक आहे. छेडण्यातील बारकावा, मींड, हलका स्पर्श यांचे गुणांकन करताना जे ऐकू आले ते वादकाचे होते की यंत्राचे, हे ताडून पाहावयास हवे. सर्व स्पर्धकांना समान ध्वनिव्यवस्था मिळणे हा स्पर्धेच्या न्याय्यतेचा भाग आहे.

११. निष्कर्ष

१) गिटारचा नाद तार, फळी व पोकळी यांच्या एकत्रित कार्यातून घडतो; यांपैकी एकाच घटकाला ऐकणारे साधन अपुरा नाद देते.
२) खोक्याचे अनुनाद हे वाद्याच्या मधुरतेचे व ध्वनिवर्धनातील अडचणीचे एकच उगमस्थान आहे, म्हणून सरसकट कपातीऐवजी नेमका व अल्प हस्तक्षेप श्रेयस्कर होय.
३) पिझोच्या निकृष्ट आवाजाचे कारण पुष्कळदा अयोग्य इम्पिडन्स असलेली जोडणी हे असते व ते अल्प खर्चात दूर करता येते.
४) सभागृहाचा निनादकाल श्रोत्यांच्या संख्येनुसार बदलतो, त्यामुळे ध्वनियोजना कार्यक्रम सुरू असतानाही तपासावी लागते.
५) संयमित आवाज ही सौंदर्यदृष्टी व कायदा या दोहोंची समान मागणी आहे.

विजयानंद थिएटरमधील १९०९ च्या श्रोत्याला यंत्राची मदत नव्हती. पण त्याला एक गोष्ट निश्चित ठाऊक होती, ती म्हणजे मूळ आवाज. आजच्या विद्यार्थ्याजवळ सर्व साधने आहेत. त्याला तो मूळ आवाज ऐकण्याची संधी मात्र क्वचितच मिळते. महाविद्यालयांनी वर्षातून एखादी तरी मैफल लहान दालनात, यंत्राविना आयोजित केली, तर ध्वनिवर्धनाचे सर्वांत महत्त्वाचे उपकरण, म्हणजे सुसंस्कारित कान, आपोआप घडत जाईल.